झुरळाचा ठपका आणि वाढीव वॉरंटीचे ३,४९९ रुपये

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपण नाशिकमध्ये धनत्रयोदशीला आठ किलोचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन ३४,५०० रुपयांना हप्त्यांवर घेतले. कंपनीची वॉरंटी दोन वर्षांची होती. दुकानातल्या विक्रेत्याने तिच्यापुढे आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी ३,४९९ रुपयांना जोडली, आणि ती जोडली आहे हे आपल्याला घरी येऊन बिल पाहिल्यावर समजले. सत्ताविसाव्या महिन्यात मशीन बंद पडले. तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाल्याचे सांगितले, पण ‘कार्डावर झुरळे व ओल आढळली’ असे लिहून दावा नाकारला आणि नव्या कार्डाचे ७,८०० रुपये मागितले. आता भांडावे की पैसे भरून मोकळे व्हावे, आणि पुढच्या महिन्यात घ्यायच्या फ्रिजवर अशी वॉरंटी घ्यावी की नाही, असे आपले दोन प्रश्न आहेत.

मी २६ वर्षे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत आहे. त्यातली पहिली १७ वर्षे एका अधिकृत सेवा केंद्रात गेली, आधी तंत्रज्ञ म्हणून आणि नंतर व्यवस्थापक म्हणून. त्यानंतर सांगलीत स्वतःचे दुकान टाकले. दावा नाकारणाऱ्या जॉबशीट, म्हणजे तपासणीच्या नोंदीचे कागद, मी स्वतः भरल्या आहेत आणि इतरांनी भरलेल्या जॉबशीटांवर सह्याही केल्या आहेत, त्यामुळे ‘झुरळ’, ‘ओल’ आणि ‘व्होल्टेज’ हे तीन शब्द कोणत्या परिस्थितीत लिहिले जातात हे मला आतून माहीत आहे. कधी ते अगदी खरे असतात. कधी ते खरे आहेत की नाहीत हे पाहण्याइतका वेळच तंत्रज्ञाकडे नसतो, कारण त्या दिवशी त्याला आणखी आठ-नऊ घरे करायची असतात आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिणे भाग असते.

आता आपल्या कार्डाकडे येऊ. बहुतेक फ्रंट लोड मशीनमधले मुख्य कार्ड, म्हणजे पीसीबी, उघडे नसते. ते प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बसवून त्यावर रेझिनचा पारदर्शक किंवा दुधी थर ओतलेला असतो, आणि हा थर ओल व किडे यांच्यापासून बचाव व्हावा म्हणूनच ओततात. उघडे राहतात ते कनेक्टरचे पिन, आणि काही मॉडेलमध्ये रिले किंवा हीटसिंक. त्यामुळे ‘कार्डावर झुरळे आढळली’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या अर्धवट आहे. झुरळ नेमके कुठे होते, हे त्यात आले पाहिजे. कनेक्टरच्या पिनांमध्ये शॉर्ट झाला असेल तर तिथे काळा डाग, वितळलेले प्लॅस्टिक किंवा हिरवट गंज दिसतो, आणि तो मोबाइलच्या फोटोतही सहज येतो. याउलट रेझिनच्या आतला एखादा पॉवर घटक फुटला असेल तर थर फुगतो, तडकतो किंवा आतून काळवंडतो, आणि त्या बिघाडाचे खापर बाहेर फिरणाऱ्या झुरळावर फोडता येत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही घरातले दोन वर्षे वापरलेले मशीन मागून उघडा, एखादे झुरळ सापडेलच. ते तिथे बिऱ्हाड करून होते एवढ्यावरून कार्ड त्यानेच जाळले असे ठरत नाही. ओलीबद्दल तर काय बोलावे? कपडे धुण्याच्या यंत्रात ओल सापडली, हा काही शोध नव्हे.

उंदराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे मी कंपन्यांची बाजू घेईन. कुरतडलेली वायर डोळ्यांना दिसते, दातांचे व्रण दिसतात, लेंड्या दिसतात. ते बाह्य कारणच आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वॉरंटीत ते वगळलेले असते. मशीनच्या तळाला जाळी किंवा पत्रा बसवून घेण्याचा खर्च काहीशे रुपयांचा असतो. दुकानदार आग्रहाने जे काही विकतो त्यात ही जाळी सहसा नसते, कारण तिच्यात त्याला सुटत काही नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर: इतक्यात पैसे भरू नका. आधी जॉबशीटची प्रत मागा, आणि तिच्यावर बिघाडाचे कारण, जळालेल्या घटकाची जागा व तपासणीची तारीख लिहून घ्या. कार्ड काढले असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि जुने कार्ड तंत्रज्ञाला परत नेऊ देऊ नका. नवे कार्ड बसवताना जुने जमा करून घेण्याची पद्धत आहे. पण दावा नाकारून आपल्याकडूनच पूर्ण किंमत घेतली जात असेल तर जुने कार्ड आपले आहे आणि आपल्या तक्रारीतला तोच मुख्य पुरावा आहे. त्यानंतर योजना चालवणाऱ्या कंपनीला ईमेल करा. इथे एक गोष्ट बघावी लागेल, ती म्हणजे आपली योजना मशीन बनवणाऱ्या कंपनीची आहे, दुकानाची आहे की तिसऱ्याच कोणाची. दुकानात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ योजना तिसऱ्याच कंपनीच्या असतात. विकणारा एक, जबाबदार दुसरा आणि दुरुस्तीला येणारा तिसरा, असा तो मामला असतो आणि टोलवाटोलवी तिथूनच सुरू होते. ईमेलमध्ये राग लिहू नका, दोनच प्रश्न लिहा: योजनेच्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, आणि ते कलम असलेली पुस्तिका मला विक्रीच्या वेळी दिल्याचा पुरावा काय.

ईमेलमधल्या या दोनपैकी दुसरा प्रश्न जास्त जड आहे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली भारत वॉच कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की ज्या अपवादाच्या अटी ग्राहकाला दिल्याच नव्हत्या त्यांच्या आधारे दावा नाकारता येत नाही. वाढीव वॉरंटी म्हणजे विमा पॉलिसी नव्हे, तो सेवेचा करार आहे, म्हणून हा निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही. पण ग्राहक आयोगापुढे हाच युक्तिवाद करता येतो, आणि तो कोणालाही पटेल असा आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे तिच्यात दिशाभूल करणारी वॉरंटी किंवा हमी देणे याचाही समावेश आहे. विक्रेता काउंटरवर ‘सगळे कव्हर आहे, चार वर्षे बघायलाच नको’ असे म्हणाला असेल आणि कागदावर पंचवीस अपवाद असतील, तर कायदा ज्याबद्दल बोलतो ते हेच.

ईमेलला पंधरा दिवसांत नीट उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइनला कोणावर आदेश काढण्याचा अधिकार नाही, पण तिच्याकडून आलेली तक्रार कंपनीच्या ज्या टेबलावर जाते ते टेबल आपल्या फोनला उत्तर देणाऱ्या मुलाचे नसते, आणि कार्डाएवढ्या रकमेची प्रकरणे तिथेच मिटताना मी पुष्कळदा पाहिली आहेत. तेही फसले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला. तक्रारीचे कारण घडल्यापासून, म्हणजे इथे दावा नाकारल्यापासून, दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. आता तक्रारी ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येतात. निकालाला मात्र वेळ लागतो, हे मी लपवणार नाही. तोवर कपडे हाताने धुवायचे नसतील तर कार्ड बदलून घ्या, पैसे ‘हक्क राखून’ भरत आहोत असे ईमेलने कळवा आणि पावती जपून ठेवा. स्थानिक चांगल्या कारागिराला कार्ड दाखवायलाही हरकत नाही. पिनांजवळचा शॉर्ट असेल तर दुरुस्ती नव्या कार्डाच्या निम्म्या पैशांत होऊ शकते. फक्त कंपनीशी वाद चालू असताना त्याला ते खोलू देऊ नका, आधी फोटो आणि लेखी कारण हातात येऊ द्या.

आता आपला दुसरा प्रश्न, फ्रिजवर वाढीव वॉरंटी घ्यावी की नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या दृष्टीने तोच मोठा आहे.

ही योजना काउंटरवर इतक्या आग्रहाने का विकली जाते ते समजून घ्या. वॉशिंग मशीन किंवा फ्रिजवर दुकानदाराला सुटणारा पैसा थोडा असतो. शेजारचे दुकान आणि ऑनलाइन विक्री यांनी तो खरवडून नेलेला असतो. योजनेवरचे कमिशन त्या मानाने भरघोस असते, म्हणून विक्रेत्याला यंत्रांइतकेच योजनांचेही टार्गेट असते. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतच्या गर्दीत जो मुलगा आपल्याला ‘ताई, पुढे काही झालं तर कोण बघणार?’ असे कळवळून विचारतो त्याचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह या एका वाक्यावर उभा असतो. मी त्याला दोष देत नाही. पण सल्ला देणारा आणि विकणारा एकच असेल तर तो सल्ला राहत नाही, एवढे ध्यानात असावे. आपल्यासारख्या हप्त्यांच्या खरेदीत तर विचारण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. ३,४९९ रुपये कर्जाच्या रकमेत मिसळले की महिन्याला काहीशे रुपयांचा फरक पडतो आणि तो कोणाच्या नजरेत भरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ (रिटेल) कर्जांसाठी कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरण ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, आणि त्यात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मशीनचे कर्ज त्याआधीचे असेल तर त्याला हा नियम लागणार नाही, पण फ्रिज हप्त्यांवर घेणार असाल तर सही करण्यापूर्वी ते विवरण मागून घ्या आणि कर्जाची रक्कम फ्रिजच्या किमतीशी ताडून पाहा. फ्रिज ऑनलाइन घेणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी टोपली (कार्ट) पुन्हा एकदा उघडा. संमतीशिवाय टोपलीत वस्तू किंवा सेवा सरकवणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ज्या १३ फसव्या क्लृप्त्या मोजल्या आहेत त्यांपैकी एक आहे.

ब्रिटनमध्ये २००५ पासून घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीवर ग्राहकाला ४५ दिवस मिळतात. तेवढ्यात विचार बदलला आणि दावा केलेला नसला तर पूर्ण पैसे परत. आपल्याकडे बिल फाडून झाल्यावर दुकानदाराच्या मर्जीवर राहावे लागते. म्हणून विचार बिलाच्या आधी करायचा.

तो विचार कसा करायचा? आपल्याच आकड्यांवर करून पाहू. ३,४९९ रुपयांतले सुमारे ५३४ रुपये १८ टक्के जीएसटीचे. उरलेल्या २,९६५ रुपयांत दुकानदाराचे कमिशन, योजना चालवणाऱ्याचा नफा आणि मग दुरुस्तीचा खर्च. ७,००० रुपयांची एक मोठी दुरुस्ती धरली तर ही योजना ग्राहकाला ना नफा ना तोटा पडण्यासाठी दर दोन मशीनांपैकी एकात, त्या नेमक्या दोन वर्षांत, असा मोठा बिघाड व्हायला हवा, आणि तोही अपवादांच्या यादीत न बसणारा. माझ्या हाताखालून गेलेल्या यंत्रांत हे प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हते. त्याचे कारण यंत्रांच्या स्वभावात आहे. बिघाडांचा आलेख काढला तर तो न्हाणीच्या टबासारखा दिसतो: सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी पुन्हा उंच. कारखान्यातला दोष, कच्चे सोल्डर, सैल कनेक्टर हे पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडते, आणि तेव्हा कंपनीची वॉरंटी असतेच. बेअरिंग, ड्रमचा स्पायडर, दाराचे रबर, शॉक ॲब्झॉर्बर यांची झीज होते ती पुढे, बोअरच्या जड पाण्याच्या भागात थोडी लवकर, बहुधा सहाव्या-सातव्या वर्षानंतर. वाढीव वॉरंटीची वर्षे बहुतेक वेळा या दोन चढांमधल्या सपाट भागात येतात. आणि रबर, प्लॅस्टिक, गंज हे शब्द अपवादांत आधीच लिहिलेले असतात. आपले कार्ड नेमके या सपाट भागात गेले हे आपले दुर्दैव. ते कोणालाही येऊ शकते, पण सर्वांनी त्याची किंमत आगाऊ भरावी इतके ते वारंवार येत नाही.

अपवादांची यादी हीच खरी वॉरंटी आहे, वर्षे नव्हेत. दोन वर्षे की चार, हे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत असते. काय वगळले आहे ते पुस्तिकेच्या मागच्या पानावर. फ्रिजचेच पाहा. ‘कॉम्प्रेसरवर १० वर्षे वॉरंटी’ असे दारावरच्या स्टिकरवर लिहिलेले असते आणि लोक फ्रिजवर दहा वर्षे वॉरंटी आहे असे धरून चालतात. ती वॉरंटी सहसा कॉम्प्रेसर या एका सुट्या भागापुरती असते. चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर कॉम्प्रेसर फुकट, पण गॅस भरणे, नवा ड्रायर, मजुरी आणि व्हिजिट चार्ज हे आपल्या खिशातून. आणि इन्व्हर्टर फ्रिजमध्ये ‘कॉम्प्रेसर चालत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा कॉम्प्रेसर ठणठणीत असून त्याला चालवणारे कार्ड गेलेले असते. ते कॉम्प्रेसर नव्हे, म्हणून दहा वर्षांत बसत नाही. सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे बॉडी लीकेज. नळी फोमच्या आत, भिंतीत पुरलेली असते. तिथून गॅस गळू लागला तर आत जाता येत नाही, बाहेरून वळसा घालून नळी टाकावी लागते किंवा फ्रिज बदलावा लागतो.

म्हणून फ्रिजवरची वाढीव वॉरंटी सरसकट टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. ती स्वतः फ्रिज बनवणाऱ्या कंपनीची असेल, तिच्यात गॅस चार्जिंग, कार्ड आणि बॉडी लीकेज स्पष्ट शब्दांत समाविष्ट असेल, फ्रिज दुरुस्त न झाल्यास किती रक्कम मिळेल हे आकड्यात लिहिलेले असेल आणि किंमत फ्रिजच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल, तर ती घेण्यात शहाणपण असू शकते. तिसऱ्या कंपनीच्या योजनांत बहुधा घसारा असतो, म्हणजे चौथ्या वर्षी मिळणारी रक्कम मूळ किमतीच्या बरीच खाली आलेली असते. तो तक्ता मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. मोठ्या टीव्हीबाबत माझे मत थोडे अधिक अनुकूल आहे, कारण पॅनल गेले की टीव्ही गेलाच म्हणायचे, पॅनलची किंमत इतकी असते. एसीबाबत उलट: कोकणात किंवा गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने, आणि पुण्या-मुंबईत नाल्याकाठच्या इमारतींत सांडपाण्याच्या वायूने, कॉइल खाल्ली जाते, आणि नेमका गंज वगळलेला असतो. तिथे योजनेच्या पैशांत दरवर्षी पावसाळ्यानंतर नीट सर्व्हिसिंग करून घेणे बरे. छोट्या वस्तूंवर, म्हणजे मिक्सर, इस्त्री, गीझर यांवर वाढीव वॉरंटी घेण्याचे मला एकही कारण दिसत नाही.

दुकानदार जोडीला जे सुचवतो त्याबद्दलही दोन शब्द. डिस्केलिंगची, म्हणजे मशीनमधले क्षार काढणारी, पावडर बाहेर तीच आणि स्वस्त मिळते. चाकांचा उंच स्टँड फ्रंट लोडखाली तर घालूच नये. मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्यांनी ड्रम फिरताना मशीन त्यावर थरथरते आणि बेअरिंगचे आयुष्य कमी होते. स्टॅबिलायझर मात्र आपल्या भागात संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर जरूर घ्या, फ्रिजच्या पुस्तिकेत आतच व्होल्टेजची सोय आहे असे लिहिलेले असले तरी ती किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत आहे ते वाचून.

आणि शेवटची, पण दुकानात कोणी सांगणार नाही अशी गोष्ट: बनवणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत केव्हाही त्यांची वाढीव वॉरंटी विकतात. काही कंपन्या यंत्र तपासून देतात, काही तशीच देतात. तेव्हा फ्रिज घेताना कंपनीच्या ग्राहक सेवेला ही मुदत विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून धरतात की बसवल्याच्या, हेही त्याच वेळी विचारा. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना ती बसवल्याच्या तारखेपासून धरावी असे सांगितले होते, पण सगळीकडे तसे होतेच असे नाही, म्हणून बसवून गेलेल्या माणसाची सही आणि तारीख वॉरंटी कार्डावर घ्या. मूळ वॉरंटी एक वर्षाची असेल तर अकराव्या महिन्यात निर्णय घ्यायचा. तोवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेलेला असेल, फ्रिजने एकदाही त्रास दिला आहे की नाही ते कळलेले असेल, आणि समोर टार्गेट असलेला विक्रेता नसेल. दोनदा गॅस भरावा लागला असेल तर घ्या, निमूट चालला असेल तर घेऊ नका. दुकानात मात्र बिल छापण्यापूर्वीच सांगा की आजच्या बिलात फ्रिजशिवाय दुसरी ओळ नको, आणि छापलेले बिल तिथेच, काउंटरवरून हलण्याआधी वाचा.